भोगावतीत गेलेलं हिमयुग

माझे वडील पेणच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. घरी आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, शाळेत सर. आठवीला हिमयुगाचा धडा आला की ते फळ्यावर कोकणचा किनारा काढत आणि त्याच्या डावीकडे, बरीच जागा सोडून, दुसरी एक तुटक रेघ ओढत. "जगातलं पाणी बर्फ होऊन बसलं होतं," ते म्हणत. "समुद्र इथवर मागे गेला होता. तेव्हा कुणी अलिबागला पोहायला गेला असता तर नुसता चालतच राहिला असता." पोरं हसायची. मला मात्र त्या दोन रेघांमधल्या कोऱ्या जागेची भीती वाटायची. एवढा समुद्र गेला, आणि गेला तसा परत आला तेव्हा तिथे राहणाऱ्यांचं काय झालं, हे अप्पा कधी सांगत नसत.

पुढे मी भूशास्त्र घेतलं आणि गोव्याला समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत पीएच.डी.ला लागले. काम समजायला सोपं होतं, करायला फार चिकट. जहाजावरून एक जड लोखंडी नळी समुद्राच्या तळात सोडायची. ती तळातल्या गाळात घुसते आणि गाळाचा एक लांब खांब घेऊन वर येते. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. त्या खांबाच्या चकत्या कापायच्या, एकेक चकती बारीक चाळणीवर पाण्याने धुवायची. चिखल वाहून जातो आणि मागे पांढरी, रव्यासारखी वाळू उरते. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कळतं, ती वाळू नाही. एका पेशीच्या जिवांची कवचं आहेत ती. त्यांचं नाव फोरामिनिफेरा, आम्ही नुसतं फोराम म्हणायचो.

त्यातली एक जात मला मोजायची होती. पावसाळी वारा अरबी समुद्रावर जोरात वाहतो तेव्हा वरचं पाणी ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यात ही जात माजते. म्हणजे कवचं जास्त तर वारा जोराचा, कवचं कमी तर वारा दुबळा. हिमयुगात आपला पावसाळी वारा कसा होता, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर डिंकाने चिकटवायचं आणि मोजायचं. दिवसचे दिवस तेच.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा पाय मोडला. ताईचं लग्न होऊन ती रोह्याजवळ अष्टमी गावात राहत होती, तिला दिवस गेले होते. घरी मलाच जावं लागणार होतं. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, बोलायला तुसडे होते, पण त्यांनी कपाटातला एक जुना सूक्ष्मदर्शक काढून दिला. "नमुने घेऊन जा," ते म्हणाले. "घरी बसून मोज. पण सांभाळून. बाटली फुटली तर बाटली मिळेल, आतलं मिळणार नाही." धुतलेले नमुने काचेच्या छोट्या बाटल्यांत होते, प्रत्येकीवर आकडे. त्या मी कापसात गुंडाळून एका खोक्यात रचल्या.

त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. त्यासाठीचा माल आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोटींनी उतरला, असं रोज पेपरात येत होतं. खरं सांगायचं तर गोव्यात बसून मला ते दूरचं वाटत होतं. घरी जाताना वाटेत कोलाडला उतरून ताईकडे गेले तेव्हा पहिल्यांदा जवळ आलं. ताईचे सासरे ओटीवर पेपर वाचत होते. खोक्यात काय आहे, त्यांनी विचारलं. मी उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली.

"समुद्रातून आलंय हे बाहेर कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "कुंडलिका नदीच्या पुलावर काल माणसांच्या पिशव्या उलट्या करून बघत होते."

ताई मला आत घेऊन गेली. "ठेव इथेच माळ्यावर. सगळं निवळलं की ने."

"निवळेपर्यंत माझे दोन महिने जातील. काम आत्ताच करायचंय."

"तुला भीती नाही वाटत?"

"मातीची कसली भीती?" मी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोहा-पेण एस्टीत चढताना मी ते खोकं सीटखाली सरकवलं आणि त्याच्यापुढे पाय आडवे ठेवून बसले.

शेजारी एक मिठागरावर काम करणारी बाई होती. वडखळला भाचीकडे निघाली होती, मांडीजवळ सुक्या मासळीची पाटी. माझ्या पायांकडे बघून तिने विचारलं, "ह्या खोक्यान काय हाय गो?"

"काचेच्या बाटल्या."

"मंग दमान. गारी लय आदलतंय."

नागोठणं सोडलं आणि हमरस्त्यावर बस थांबली. दोन हवालदार चढले. एकाने पुढून बघायला सुरुवात केली, दुसऱ्याने मागून. माझ्या सीटपाशी पुढचा हवालदार वाकला.

"खोकं कुणाचं?"

"माझं."

"काय आहे?"

"माती."

"कसली माती?"

मी घाबरले होते, आणि घाबरल्यावर मला खरं सोडून दुसरं काही सुचत नाही. "समुद्राच्या तळाची," मी म्हटलं.

"तिथनं कुणी आणली?"

"बोटीने आणली."

बसमधलं बोलणं थांबलं. हवालदाराने झाकण उघडलं. रांगेने बाटल्या, आत पांढरी पूड, वर आकडे. कापूस, सुया, ब्रश. शेजारच्या बाईने आपली पाटी उचलून मांडीवर घेतली आणि ती माझ्यापासून लांब सरकली. मागे कुणीतरी म्हणालं, "अरे उतरा, उतरा सगळे." एक बाई पोराला कवटाळून दाराकडे धावली. माझ्या तळहातांना असा घाम फुटला की सूक्ष्मदर्शकाच्या पेटीची कडी मला धरवेना.

कंडक्टर आला. "म्याडम, तुम्ही उतरून घ्या. पॅसेंजर घाबरलेत."

मी उतरले. खोकं हवालदाराच्या हातात, लांब धरलेलं. बस सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि परत थांबली. पाटी डोक्यावर घेऊन ती मिठागरवाली बाई खाली उतरली आणि चालत माझ्यामागे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही भीती वाटतच होती, ते दिसत होतं.

रस्त्याकडेच्या चौकीत एक अधिकारी टेबलाशी बसले होते. त्यांनी आधी त्या बाईला विचारलं, "तू हिची कोण?"

"कोनी नाय," ती म्हणाली. "पन पोर एकली हाय. मी भायेर बसतंय." आणि ती खरंच पायरीवर बसली.

अधिकाऱ्यांनी माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं. "असली कार्डं कुठेही छापून मिळतात." संस्थेला फोन लावायला सांगितला. तो रविवार होता, तिकडे घंटी वाजत राहिली. मग त्यांनी एक बाटली उघडून पूड कागदावर ओतली, बोटांनी चोळली, वास घेतला. हवालदाराने काडी ओढून ज्योत जवळ नेली तेव्हा मी डोळे मिटले. मला माहीत होतं ती पेटणार नाही. तरी मिटले. थोडं व्हिनेगर टाकलं तर ही पूड फसफसते, चुना आहे म्हणून, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि वेळीच गप्प बसले. फसफसलं असतं तर त्या खोलीत काय झालं असतं, कुणास ठाऊक.

शेवटी मी सूक्ष्मदर्शक लावून दिला. अधिकाऱ्यांनी बघितलं. फार वेळ नाही.

"शिंपले आहेत," ते हवालदाराला म्हणाले. मग मला, "एवढे बारीक शिंपले कुणाला लागतात?"

"जुना पाऊस कसा होता ते कळतं त्यावरून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता आत टाकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी हवालदाराला नाव लिहून घ्यायला सांगितलं. माझं नाव, वडिलांचं नाव, पेणचा पत्ता. "चौकशीला माणूस येईल घरी. सामान हलवू नका," ते म्हणाले. "जा."

बाहेर ती बाई उठून उभी राहिली. पुढच्या एस्टीत आम्ही दोघी बसलो. वडखळ येईपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

घरी मी सगळं सांगितलं. आई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडली होती. "सुटलीस ना? झालं तर मग," ती म्हणाली. अप्पांनी एवढंच विचारलं, "पत्ता घेतला?"

"हो."

"माझं नाव?"

"वडिलांचं नाव विचारलं त्यांनी."

अप्पांनी मान हलवली आणि ते उठून खिडकी लावून आले. एप्रिलचा उकाडा होता.

मी कामाला लागले. सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवायला लागतो, उजेडासाठी. अप्पांनी तो तिथून काढायला लावला, म्हणून मी टेबललॅम्प घेऊन आतल्या खोलीत बसू लागले. वरच्या थरातल्या बाटल्या आधी घेतल्या, म्हणजे अलीकडच्या काळातल्या. मोजून झालेल्या पट्ट्या मी कपाटात साड्यांखाली ठेवत असे. खालच्या बाटल्या, हिमयुगाच्या, शेवटी राखून ठेवल्या होत्या. तिथे पोचायची मला घाई नव्हती. गुळपोळीतला मधला, गुळाचा भाग शेवटी खावा तसं.

पण घर बदललं होतं. रस्त्यावर जीप गेली की अप्पांचा घास हातात थांबायचा. शाळेत कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "मुलीला धरलं होतं म्हणे?" त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही, मला वाण्याकडे कळलं. पेण केवढंसं गाव. मी बाजारात गेले की माझ्या पिशवीकडे नजरा यायच्या, निदान मला तसं वाटायचं. मग मीही जिपांचे आवाज ओळखायला शिकले. ट्रक वेगळा, टेम्पो वेगळा, जीप वेगळी. कवच उचलताना बाहेर जीप वाजली की ब्रश हलायचा आणि कवच उडून जायचं.

मेच्या सुरुवातीला आईला प्लास्टर दाखवायला रिक्षाने दवाखान्यात नेलं. परत आलो तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात उभे होते. ओट्यावर जुना पेपर पसरला होता आणि त्यावर माझ्या बाटल्या उपड्या वाळत ठेवल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या. आकड्यांच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या होत्या.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "अप्पा, ह्या रिकाम्या कशा?"

"पोलीस येऊन गेला," अप्पा म्हणाले.

"मग? नेलं का त्यांनी?"

"नाही. साधाच माणूस होता. पाणी प्यायला. विचारलं, ते सामान अजून घरात आहे का." अप्पा ओट्यावरच्या बाटल्यांकडे बघत होते. "मी नाही म्हटलं. का म्हटलं कळत नाही. तोंडातून गेलं. तो लिहून घेऊन गेला. मग वाटलं, परत आला आणि सापडलं तर? पोलिसाशी खोटं बोललो मी."

"कुठे टाकलंत?"

"अंतोऱ्याच्या बाजूला. भोगावतीच्या खाडीत. पाणी चढलेलं होतं." मग ओट्याकडे बोट करून, "बाटल्या धुतल्यात. सरकारी आहेत."

जन्मभर एकही खोटं न बोललेला माणूस एकदा खोटं बोलला, आणि ते खरं करायला भर उन्हात पिशवी घेऊन खाडीवर गेला. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त त्या बाटल्या दिसत होत्या. मी ओरडले नाही. मी तिथेच फरशीवर बसले. साड्यांखालच्या पट्ट्यांचं त्यांना माहीत नव्हतं, त्या वाचल्या होत्या. म्हणजे अलीकडची हजारो वर्षं शिल्लक होती. नेमकं हिमयुग गेलं होतं.

आता मला सरांची भीती वाटायला लागली. दोन दिवस मी एस.टी.डी. बूथपर्यंत जाऊन परत येत होते. तिसऱ्यांदा आत शिरले. सर फोनवर आले आणि मला रडू फुटलं. "नमुने..." एवढंच बोलता आलं.

"या आठवड्यात मला मुंबईला जायचंय," सर म्हणाले. "वाटेत पेणला थांबतो. पत्ता सांग."

घरी मी सांगितलं की सर येणार आहेत. कधी ते मलाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी दाराशी जीप थांबली. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आवाज ओळखीचा होता, हातातला कपडा गळून पडला. मी आत धावले तर अप्पांनी शाळेत जायचा पांढरा शर्ट चढवला होता आणि ते गुंड्या लावत होते. आई पलंगावरून म्हणत होती, "अहो, थांबा तरी. कोण आहे बघू द्या." अप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी खिशात चष्म्याचं घर ठेवलं आणि दार उघडलं.

बाहेर खाकी कपड्यातला माणूस उभा होता. अप्पांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"मुलीचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "ती घरी नव्हती. मी टाकलं ते. मी खोटं बोललो. मला न्या."

तो माणूस गोंधळून मागे बघायला लागला. संस्थेच्या जिपेचा ड्रायव्हर होता तो, घर हेच का विचारायला आला होता. त्याच्यामागून सर उतरले.

मी अप्पांना धरलं. "अप्पा, हे माझे सर आहेत," मी म्हटलं. त्यांना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ते दारातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी चेहरा पंच्याने झाकून घेतला.

सरांनी चहा घेतला नाही. सगळं ऐकून घेतलं, उभ्यानेच. चेहरा लाल झाला होता. "वर्षभराची मेहनत आहे तिची," ते अप्पांना म्हणाले. "आणि जहाजावरच्या लोकांची. तुम्ही शिक्षक ना?"

"भूगोलाचा," अप्पा म्हणाले. "म्हणूनच सांगतो साहेब. मला ठाऊक होतं ते काय आहे. अडाणीपणाने झालं नाही. भीतीने झालं."

सर खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "खाडीत नेमकं कुठे टाकलंत?"

अप्पांनी सांगितलं.

"उद्या कुणी तिथला गाळ उपसून तपासला," सर म्हणाले, "तर त्याला पेणच्या खाडीत भर समुद्रातली कवचं सापडतील. वेडा होईल बिचारा." ते हसले नाहीत, पण आई पलंगावरून हसली, आणि मग तिचंच हसू रडण्यात गेलं. सरांनी आईला पायाचं विचारलं. चहा मागून घेतला.

जाताना त्यांनी मला सांगितलं की गाळाचा खांब उभा चिरतात, त्यातला अर्धा कामाला घेतात आणि अर्धा शीतगृहात सीलबंद राहतो. तो उघडायला समितीची परवानगी लागते, सहसा मिळत नाही. "मागून बघू," ते म्हणाले. "तू लिहायचं, काय झालं ते. खरं लिही."

पाऊस सुरू होऊन संपला तरी परवानगी आली नाही. मी गोव्याला परतले होते. दुसऱ्यांचे नमुने धूत होते आणि टपाल आलं की आधी जाऊन चाळायचे. आली तेव्हा तीही अर्धी आली. चकत्या पातळ घ्यायच्या, काही थर घ्यायचेच नाहीत. मी सगळं पहिल्यापासून केलं. खालच्या थरांत शिरले तशी मी मोजत होते ती जात कमी कमी होत गेली. पट्टीवर चिकटवायला काही मिळेना, ब्रश नुसता दुसऱ्या जातींच्या कवचांतून फिरायचा. हिमयुगात वारा दुबळा होता. आणखीही काही जणांना तसंच दिसलं होतं, पण मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं.

पोलीस परत कधीच आले नाहीत. ज्या नोंदीला अप्पा एवढे घाबरले ती बहुधा कुणी उघडूनही बघितली नसेल. पण मी सुट्टीला गेले की खिडकी लावलेलीच असायची.

प्रबंध झाला त्या वर्षी अप्पा निवृत्त झाले होते. मी त्यांना निष्कर्ष वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे तेव्हा इथे भात झाला नसता," ते म्हणाले.

"तेव्हा शेतीच नव्हती, अप्पा."

"ते माहीत आहे मला. झाला नसता ना पण?"

"बहुधा नाही. पाऊस फार कमी होता."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "आणि ते हिमयुग कधीतरी संपणार आहे, हे त्या लोकांना कळत असेल का गं?"

ते कवचांवरून कळत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले.